तळे क्रमांक २२६ : एका छायाचित्राची उलटतपासणी

पर्यावरणशास्त्राचे एखादे जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक घ्या आणि तळ्यातील शेवाळाचे प्रकरण उघडा. तेथे एक छायाचित्र हमखास भेटते. ते विमानातून घेतलेले आहे. सूचिपर्णी वृक्षांच्या दाट जंगलात एक तळे आहे, मध्ये आवळलेले, डमरूसारखे. डमरूचा एक भाग काळसर निळा आहे. दुसरा भाग हिरवट, जणू कोणी त्यात रंगाची बादली ओतली असावी असा. दोहोंच्या मध्ये, अगदी चिंचोळ्या जागी, एक बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे पाण्यात सोडलेला प्लास्टिकचा पडदा.

हे कॅनडातील तळे क्रमांक २२६. छायाचित्र १९७३ च्या सप्टेंबरातले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ते किती पुस्तकांत, किती व्याख्यानांत आणि किती सरकारी बैठकांत दाखवले गेले याची गणती नाही. पाण्याच्या प्रश्नावर एवढा परिणाम करणारे दुसरे चित्र आम्हाला तरी आठवत नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. मग ज्या चित्रावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या त्याची का होऊ नये? हे चित्र काय सांगते, काय सांगत नाही आणि आपण शिक्षक त्याच्याकडून काय वदवून घेतो, हे पाहण्याचा येथे विचार आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. चित्र प्रामाणिक आहे, त्याखाली छापल्या जाणाऱ्या ओळी मात्र बहुतेक वेळा तितक्या प्रामाणिक नसतात.

आधी भांडण काय होते ते पाहू. १९६० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवर शेवाळाने भरून गेले होते. संशय दोघांवर होता, शहरांचे सांडपाणी आणि त्यातून येणारी कपडे धुण्याची पावडर. त्या काळच्या पावडरीत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट भरपूर असे. फॉस्फेट म्हणजे फॉस्फरस, आपला शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतो तो. पावडरीतले फॉस्फेट कमी करा अशी मागणी पुढे आली, आणि लगेच प्रतिवादही आला : शेवाळाची वाढ स्फुरदावर नव्हे, कर्बावर अवलंबून असते, सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू कुजवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यावर शेवाळ पोसते. हा प्रतिवाद केवळ कारखानदारांनी उठवलेली आवई नव्हती. त्यामागे प्रयोग होते. तळ्याचे पाणी बाटलीत घेतले, त्यात निरनिराळी द्रव्ये टाकून पाहिली, तर काही बाटल्यांत कर्ब घातल्यावर शेवाळ खरोखरच वाढत होते.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. बाटलीचा प्रयोग खोटा नव्हता. परंतु बाटली म्हणजे तळे नव्हे. तळ्याच्या डोक्यावर सगळे आकाश असते. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शेवाळाने संपवला की हवेतला आत शिरतो. बाटलीत ही वाट अरुंद होते किंवा बंदच होते, आणि कर्बाची टंचाई प्रयोग करणाऱ्याने स्वतःच निर्माण केलेली असते. मग निष्कर्ष निघतो की कर्ब कमी पडतो.

ऑंटॅरिओ प्रांताच्या वायव्य भागात १९६८ साली कॅनडाच्या सरकारी मत्स्य संशोधन मंडळाने एक विलक्षण प्रयोगशाळा उभी केली. तिला भिंती नव्हत्या. जंगलातली काही डझन छोटी तळीच प्रयोगासाठी राखून ठेवली होती. प्रत्येकाला नावाऐवजी क्रमांक. कामाची सूत्रे डेव्हिड शिंडलर या तरुण शास्त्रज्ञाकडे आली. पहिला प्रयोग १९६९ मध्ये तळे क्रमांक २२७ वर झाला. या तळ्याच्या पाण्यात विरघळलेला कर्ब अतिशय कमी होता, आणि म्हणूनच ते निवडले होते. त्यात नत्र आणि स्फुरद टाकले, कर्ब मुद्दाम टाकला नाही. कर्बवाद्यांचे म्हणणे खरे असते तर तेथे काहीच व्हायला नको होते. तळे हिरवेगार झाले. लागणारा कर्ब हवेतून आला होता.

शास्त्रज्ञांच्या दृष्टीने वाद येथेच संपायला हवा होता. पण सरकारी समित्या आणि वर्तमानपत्रे यांच्यापुढे आकडेवारी ठेवून कोणाचे मन वळते असा अनुभव फारसा नाही. मग डमरूच्या आकाराचे तळे क्रमांक २२६ निवडले. चिंचोळ्या जागी पडदा ताणला. दोन्ही अर्ध्यांत नत्र आणि कर्ब टाकला, नत्र सोडियम नायट्रेटच्या रूपात आणि कर्ब चक्क साखरेच्या रूपात. एका अर्ध्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरिक आम्लाच्या रूपात स्फुरद टाकले. त्या उन्हाळ्याच्या अखेरीला स्फुरदाचा अर्धा भाग नील-हरित शेवाळाने भरला, दुसरा होता तसाच राहिला. विमान वरून गेले, छायाचित्र निघाले. १९७४ मध्ये ते शिंडलर यांच्या लेखासोबत 'सायन्स' या साप्ताहिकात आले.

या प्रयोगाची मांडणी आम्हाला फार आवडते. एकच तळे, एकच पाऊस, एकच ऊन, एकच तळगाळ. फरक फक्त एका द्रव्याचा. चौथीतल्या मुलालाही समजेल इतके ते साधे आहे. धाडसही मोठे. पाणी बाटलीत आणण्याऐवजी प्रयोगच पाण्यापर्यंत नेला. १९९१ साली स्टॉकहोम जल पारितोषिक सुरू झाले, त्याचे पहिले मानकरी शिंडलर ठरले ते योग्यच. पुढे २०१२ मध्ये कॅनडाच्या सरकारने ही तळ्यांची प्रयोगशाळा बंद करण्याचे ठरवले, तेव्हा शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी मोठा विरोध केला, आणि २०१४ पासून ती एका स्वतंत्र संस्थेच्या हाती जाऊन चालू राहिली. शिंडलर २०२१ मध्ये निवर्तले.

आता उलटतपासणी. वर्गात हे चित्र दाखवून "निळा भाग कसा आहे?" असे विचारले तर उत्तर येते : स्वच्छ, काहीही न टाकलेला. आम्ही शिक्षकांच्या एका शिबिरात हाच प्रश्न विचारला होता, तेथेही बहुतेकांनी असेच सांगितले. हे उत्तर चूक आहे. निळ्या भागातही साखर आणि नायट्रेट टाकले होते. तो 'नैसर्गिक' भाग नव्हे, दोन खते घातलेला भाग आहे, आणि तरीही तो निळा राहिला हेच तर प्रयोगाचे मर्म! चित्राखाली "प्रदूषित आणि अप्रदूषित पाणी" अशी ओळ छापणाऱ्याने प्रयोगाचा प्राण काढून घेतला आणि कलेवर तेवढे ठेवले.

दुसरी गोष्ट तर्काची आहे. हिरव्या भागात तिन्ही द्रव्ये होती, निळ्यात दोन. यावरून काय सिद्ध झाले? नत्र आणि कर्ब असून स्फुरद नसेल तर शेवाळ माजत नाही. म्हणजे स्फुरद आवश्यक आहे. पण एकटे स्फुरद पुरेसे आहे हे या चित्रातून सिद्ध होत नाही. केवळ स्फुरद टाकलेला तिसरा कप्पा तेथे नव्हताच. आवश्यक आणि पुरेसे यांतला हा फरक आपण भूमितीत मुलांना घोकायला लावतो आणि जीवशास्त्राच्या तासाला विसरतो. दहावीच्या वर्गात हे चित्र दाखवून "यावरून काय सिद्ध होत नाही?" एवढाच प्रश्न दिला तरी तास कारणी लागेल.

शिंडलर यांना ही उणीव माहीत होती, आणि तिचे उत्तर त्यांनी २२६ मध्ये नव्हे तर २२७ मध्ये शोधले. त्या तळ्यात १९६९ पासून स्फुरद टाकणे चालूच ठेवले. नत्राचे प्रमाण १९७५ मध्ये कमी केले आणि १९९० पासून नत्र देणे पूर्ण बंद केले. तरी तळे हिरवे राहिले. हवेतला नत्र स्थिर करू शकणाऱ्या नील-हरित जाती पुढे सरसावल्या. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत जिवाणू जे काम करतात तेच काम या जाती पाण्यात करतात. ३७ वर्षांच्या नोंदींवर आधारलेला लेख २००८ मध्ये आला आणि त्याचे म्हणणे असे की, तळी वाचवायची तर स्फुरद आवरा. नुसते नत्र आवरून भागणार नाही. यावर आक्षेपही आले. काहींचे म्हणणे असे की नत्रस्थिरीकरणाने टंचाई पूर्ण भरून निघत नाही आणि ३७ वर्षेही त्या निवाड्याला कमी असू शकतात. शिवाय खाड्या आणि समुद्रकिनारा येथे नत्राचा हिशेब वेगळा असतो. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटलेला नाही हे विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नसावी.

आता मूळ छायाचित्राहून आम्हाला अधिक खटकणाऱ्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे हे चित्र आपल्या गावातल्या तळ्यावर नेऊन चिकटवण्याची सवय.

आपल्याकडे या क्रियेला 'सुपोषण' असा शब्द रूढ झाला. मूळ ग्रीक शब्दाचे ते इमानी भाषांतर आहे, पण मराठी कानाला सुपोषण म्हणजे काहीतरी चांगले वाटते. कुपोषणाच्या विरुद्ध ते सुपोषण, असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले तर त्याला दोष देता येणार नाही. 'अतिपोषण' म्हणावे, अर्थ नीट लागतो. 'शेवाळ' या शब्दाची गत याहून वाईट. पावसाळ्यात भिंतीवर उगवते ते मऊ हिरवे मखमली शेवाळ ही वनस्पती; तळ्यात लोंबणारी स्पायरोगायराची हिरवी लव हे शेवाळ निराळे; आणि पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरते ते नील-हरित शेवाळ तर मुळात जिवाणू आहे. तिघांना एकच नाव असल्याने तिघांवर एकच उपाय शोधला जातो.

मग आपण मुलांना शिकवतो : शेवाळ म्हणजे प्रदूषण. तिकडे मत्स्यव्यवसाय विभागाची कोणतीही पुस्तिका उघडा. कटला, रोहू, मृगळ यांच्या तळ्यात शेण, युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून पाण्याला हिरवट रंग आणा, असा सल्ला तीत असतो. कारण तेथे सूक्ष्म शेवाळावर जलपिसवांसारखे प्राणिप्लवक पोसतात आणि त्यांवर मासे. म्हणजे एकाच तालुक्यात एक माणूस पैसे देऊन पाणी हिरवे करतो आणि दुसरा पैसे देऊन हिरवेपणा घालवतो. द्राक्षबागाइतदाराच्या प्लास्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यात हेच शेवाळ ठिबकच्या गाळण्या तुंबवते. शेवाळ गुन्हेगार नाही; ते कोठे, किती आणि कोणत्या जातीचे आहे यावर सगळे अवलंबून.

किती स्फुरद लागते? पुस्तकांत "अल्प प्रमाणात" असे मोघम लिहिलेले असते. आपण हिशेब करू, आठवीच्या मुलांना जमेल असा. एक हेक्टरचे, सरासरी २ मीटर खोल तळे घ्या. त्यात २०,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी लिटर पाणी. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम स्फुरद असले की तळे चांगलेच हिरवे होऊ शकते. २ कोटीला ५० मायक्रोग्रॅमने गुणा. उत्तर येते अवघे १ किलो! ५० किलोच्या सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यात साडेतीन किलोच्या आसपास स्फुरद असते, तेव्हा पोत्याचा एक-तृतीयांश भाग पुरे. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला सुमारे दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. म्हणजे शंभर माणसांच्या वस्तीची आठवड्याची घाण तळ्यात आली की तोच एक किलो. आणि १ ग्रॅम स्फुरदावर साधारण अर्धा किलो ओले शेवाळ उभे राहू शकते. प्रत्यक्षात बराच भाग गाळात जातो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण या आकड्यांपुढे निर्माल्य गोळा करण्याच्या मोहिमेचे वजन किती, ते वाचकांनी स्वतः ताडून पाहावे. निर्माल्य पाण्यात टाकू नये हे खरेच. परंतु तळ्याला मिळणारे गटार तसेच चालू ठेवून फुले तेवढी वेचणे म्हणजे छप्पर गळत असताना उंबरा पुसण्यासारखे आहे. कोल्हापूरचा रंकाळा काय किंवा मुंबईचा पवई तलाव काय, सांडपाण्याची तक्रार तेथे जुनी आहे आणि तिचे उत्तर नळ आणि गटारे यांच्या नकाशात आहे, शेवाळनाशकाच्या डब्यात नाही.

त्या 'गाळात जातो' या शब्दांतच पुढची गोष्ट लपली आहे. कॅनडाची ती तळी स्फुरद देणे थांबवताच लवकर सावरली. तळे क्रमांक ३०४ वर तसा प्रयोग झाला होता. त्यावरून वाचणाऱ्याचा समज होतो की बाहेरचा नळ बंद केला की काम झाले. पण ती तळी मुळात निर्मळ, आणि त्यांना खत मिळाले ते दोन-चार वर्षे. आपल्या गावतळ्याने पन्नास वर्षे सांडपाणी गिळलेले असते. त्याचा गाळ म्हणजे स्फुरदाची पेढी. तळाशी प्राणवायू संपला की गाळातील लोहाने धरून ठेवलेले स्फुरद सुटते आणि पुन्हा पाण्यात येते. स्वीडनमधील ट्रुमेन हे उथळ तळे याचे गाजलेले उदाहरण. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यात येणारे सांडपाणी थांबवले, तरी पुढची दहा वर्षे तळे तसेच हिरवे, दुर्गंधीचे राहिले. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये तळातला सुमारे एक मीटर जाडीचा गाळ उपसला, तेव्हा कोठे पाणी निवळले.

हे वाचताना आपल्या वाचकांना काही ओळखीचे वाटेल. उन्हाळ्यात तळे आटले की गाळ काढायचा आणि बैलगाड्या भरून शेतात पसरायचा, हे आपल्या गावांत पूर्वापार चालत आले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली ती तलावांची साठवणक्षमता वाढावी आणि जमिनीचा कस सुधारावा म्हणून. या कामात स्फुरद पाण्यातून पुन्हा रानात जाते, ही गोष्ट अतिपोषणाच्या धड्यात उदाहरण म्हणून येऊ शकली असती. धड्यात मात्र पडदा लावलेले कॅनडाचे तळे येते. आमची तक्रार परदेशी उदाहरणाबद्दल नाही; घरचे उदाहरण डोळ्यांसमोर असून न दिसण्याबद्दल आहे.

छायाचित्रात आणखी काय दिसत नाही? मासे. विमानातून ते दिसणार तरी कसे! चेकोस्लोव्हाकियात यारोस्लाव हर्बाचेक आणि त्यांचे सहकारी मत्स्यतळ्यांचा अभ्यास करीत होते. १९६१ मध्ये त्यांनी दाखवले की मासे दाट असलेल्या पाण्यात मोठे प्राणिप्लवक खाल्ले जातात, बारीक तेवढे उरतात, आणि शेवाळ चरणारे कोणी न राहिल्याने पाणी हिरवे होते. मासे विरळ असतील तर मोठ्या जलपिसवा शेवाळ फस्त करतात. खत तेच, रंग मात्र निराळा. पुढे मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये उथळ तळ्यांबद्दल असे मांडले की, पोषकद्रव्यांच्या एकाच पातळीला तळे दोन स्थितींत राहू शकते. एक, पाणवनस्पतींनी भरलेले नितळ; दुसरी, वनस्पतींविना गढूळ हिरवे. एका स्थितीतून दुसरीत ते एकदम कोसळते आणि परत यायला मात्र फार खटपट लागते.

'शेवाळ खाणारा' म्हणून गवत्या मासा तळ्यात सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याची परीक्षा येथे करून पाहा. गवत्या नावाप्रमाणे गवत खातो, म्हणजे पाणवनस्पती. बारीक शेवाळ त्याच्या तोंडात टिकत नाही. वनस्पती संपल्या, त्यांनी धरून ठेवलेले स्फुरद विष्ठेवाटे पाण्यात आले, तर तळे निवळायचे सोडून हिरवे होण्याचीच शक्यता अधिक.

सगळ्यात जास्त वापरला जातो तो मोरचुदाचा उपाय, आणि आम्हाला सर्वांत काळजी वाटते तीही त्याचीच. तो नवा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये पाणीपुरवठ्याच्या तलावांसाठी त्याची शिफारस केली. काम पटकन होते, दोन-तीन दिवसांत पाण्याचा रंग बदलतो, आणि ज्याने पैसे दिले त्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. पण काय घडते ते पाहू. शेवाळ मरते, त्याच्या पेशी फुटतात आणि त्यांतले स्फुरद पुन्हा पाण्यातच उतरते. तांबे जलपिसवांना शेवाळाइतकेच, पुष्कळदा अधिक बाधते. म्हणजे शेवाळाचा शत्रू आधी मरतो. दख्खनच्या काळ्या खडकातले पाणी बहुधा दुष्फेन आणि अल्कधर्मी असते, त्यात तांब्याचा बराच भाग साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. मग परिणाम दिसावा म्हणून मात्रा वाढवली जाते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील फेअरमॉन्ट तळ्यांना अठ्ठावन्न वर्षे मोरचूद दिले गेले. १९८४ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध झाले : शेवाळ दर वेळी काही दिवसांनी परत येत राहिले, आणि गाळात तांबे साचले.

आमच्यापैकी एकाने एका खेड्यातल्या तळ्यावर हे घडताना पाहिले आहे. दाट साय आली होती, कोणीतरी सांगितले म्हणून दुपारी मोरचूद टाकले. पाणी निवळले, गाव खूश. तिसऱ्या दिवशी पहाटे काठाला मासे उलटे तरंगत होते. गावात बोलणे झाले की विषाने मेले. असेलही, पण मेलेले शेवाळ कुजवताना जिवाणूंनी रात्रीत पाण्यातला प्राणवायू संपवला असण्याची शक्यता आम्हाला अधिक वाटते. शाळेतल्या मुलांनी ते मासे पाहिले, आणि त्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला दुसराच धडा चालू होता.

मासे तरी दिसतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडजवळच्या पाम बेटावर १९७९ मध्ये जे झाले ते दिसले नाही. तेथील पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ माजले, त्यावर मोरचूद टाकले. काही दिवसांतच सुमारे दीडशे जण आजारी पडले, त्यात बहुतेक मुले होती. यकृत सुजले, उलट्या होऊ लागल्या, मूत्रपिंडांवर परिणाम झाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. कारण समजायला पुढे काही वर्षे लागली. त्या पाण्यात एक विषारी नील-हरित जात होती. ती जिवंत असताना बरेचसे विष पेशीत होते, मोरचुदाने पेशी फुटताच ते पाण्यात मिसळले. पिण्याच्या किंवा गुरांच्या पाण्यावर नील-हरित साय असताना मोरचूद टाकू नये, हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक टाइपात यायला हवे असे आमचे स्पष्ट मत आहे. अतिपोषणाच्या व्याख्येला एक गुण कमी दिला तरी चालेल.

इतर उपायांबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये १९९० च्या सुमारास जवाचा पेंढा पाण्यात सोडून शेवाळ रोखण्याची पद्धत पुढे आली. काही ठिकाणी लागू पडली, काही ठिकाणी नाही. असलेले शेवाळ तो मारत नाही. तुरटी स्फुरदाला बांधून तळाशी नेते, पण सांडपाणी चालूच असेल तर ती दर वर्षी नव्याने टाकावी लागणार. कारंजी सुशोभनासाठी उत्तम.

मग वर्गात काय करावे? चार बरण्यांचा प्रयोग अनेक शाळांत होतो : तळ्याचे पाणी, एकीत काही नाही, दुसरीत चिमूटभर युरिया, तिसरीत सुपर फॉस्फेट, चौथीत दोन्ही, सगळ्या खिडकीत ठेवायच्या. तो जरूर करावा. पण झाकण घट्ट लावू नये, आणि निकाल काहीही आला तरी तो बरणीचा निकाल आहे, तळ्याचा नव्हे, हे सांगावे. कर्बाच्या वादात हुशार माणसे नेमकी येथेच घसरली होती. दुसरा प्रयोग याहून सोपा. हिरवे पाणी काचेच्या उंच बरणीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर आला असेल तर नील-हरित जातींचा संशय घ्यावा, कारण त्यांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. हिरवा भाग तळाशी बसला तर बहुधा साधे शेवाळ. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होईल. पाणी हाताळताना हातमोजे घालावेत. तिसरा प्रयोग वर्षभराचा : २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची थाळी घ्या, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध वजन आणि दोरी बांधा आणि पाण्यात सोडा. दिसेनाशी होईल ती खोली लिहून ठेवा. इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ मध्ये थाळी समुद्रात सोडून पाहिली होती. तळ्याकाठच्या शाळेकडे दहा वर्षांच्या अशा नोंदी असतील तर त्या गावाला कोणत्याही तज्ज्ञापुढे बोलता येईल.

आणि ते छायाचित्र? ते दाखवावेच, पण खालची ओळ झाकून. कोणत्या अर्ध्यात काय काय टाकले एवढे फळ्यावर लिहावे आणि गप्प बसावे. आम्ही असे केले तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, निळ्या भागातसुद्धा साखर टाकली होती ना? मग ती गेली कुठे?" आम्ही इतकी वर्षे हे चित्र दाखवत होतो, साखरेची चौकशी कधी केली नव्हती. ती जिवाणूंनी खाल्ली, बराचसा कर्ब श्वसनातून कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात आला, आणि शेवाळाने उचलला नाही तो हळूहळू हवेत निघून गेला. कर्बवादी म्हणत होते तो साखळीचा पहिला भाग त्या निळ्या अर्ध्यात खरा ठरला होता. जिवाणू होते, कार्बन डायऑक्साइड होता, नत्रही होता. पाणी निळेच राहिले.